थंडीत गाडीच्या टायरमधली हवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या उत्तरांत हवेच्या दाबाचे सगळे आकडे पीएसआयमध्ये आहेत, म्हणजे दर चौरस इंचाला किती पौंड दाब. तुमचं गेज (दाब मोजायचं साधन) बार दाखवत असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. किलोपास्कल दाखवत असेल तर १०० किलोपास्कल म्हणजे १ बार. उदाहरणांत गाडीला ३३ पीएसआय लागतात असं धरलं आहे. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असेल तर हिशेब त्यावरून करा.

पंक्चर नाही, तरी थंडी पडली की हवा कमी कशी होते?

हवा कमी झाली असं आपण म्हणतो खरं, पण बऱ्याचदा ती कुठे गेलेली नसते. टायरमध्ये कोंडलेली हवा तेवढीच असते, फक्त ती गार झालेली असते आणि गार हवा आतून कमी जोराने रेटते. ढोबळ हिशेब असा: तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने उतरलं की साधारण १ पीएसआय उतरतो. ३० अंशांना ३३ भरलेला टायर २० अंशांना ३१.४ दाखवेल, १० अंशांना जेमतेम ३०, शून्याला २८.३ आणि उणे १० ला २६.७. एकही खिळा न लागता सहा पीएसआय गेले.

त्यात रबराची भर. रबर हवाबंद वाटतं, पण तसं नसतं. धडधाकट टायरमधूनही महिन्याला १ ते २ पीएसआय हवा झिरपून जाते. उकाडा असताना शेवटची हवा भरली आणि मग तीन महिने गेजच लावलं नाही, तर ही झिरप आणि थंडीचा उतार दोन्ही एकत्र येतात. ‘एका रात्रीत हवा गेली’ ही तक्रार बहुतेक वेळा अशी तीन महिने शिजत असते.

हवा किती भरायची? टायरवर लिहिलेली की दारावरच्या स्टिकरवरची?

दारावरची. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीच्या खांबावर किंवा दाराच्या कडेला एक स्टिकर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, आणि मॅन्युअलमध्ये तर आकडा असतोच. तो तुमच्या गाडीचं वजन, तिचं सस्पेन्शन आणि त्या मापाचा टायर हे सगळं धरून ठरवलेला असतो.

टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ‘मॅक्स’ म्हणून ४४ किंवा ५१ असा आकडा कोरलेला दिसतो. ती त्या टायरची कमाल मर्यादा. तोच टायर चार वेगळ्या गाड्यांना बसतो, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवा लागते हे टायर सांगूच शकत नाही.

स्टिकर नीट वाचा. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे अनेकदा वेगळे असतात. शिवाय दोन ओळी असतात: एक रोजच्या वापरासाठी, दुसरी गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असताना. चाकांची मापं एकाहून जास्त दिली असतील तर टायरच्या बाजूवरचं माप पाहून आपली ओळ शोधा. विजेवरच्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात, त्यांचे आकडे सहसा चढे असतात. शेजारच्याच्या गाडीत किती भरतात ते विचारण्यात अर्थ नाही.

स्टिकरवर ‘कोल्ड’ लिहिलंय. म्हणजे थंडीतलं प्रेशर का?

नाही, आणि निम्मा घोळ याच एका शब्दाने होतो. इथे ‘कोल्ड’ म्हणजे न चाललेला टायर. गाडी किमान तीन तास उभी असेल, किंवा तेवढ्या वेळानंतर फार तर दीड किलोमीटर सावकाश चालली असेल, तर टायर ‘थंड’. भर उन्हाळ्यात सावलीत उभ्या असलेल्या गाडीचे टायरसुद्धा या अर्थाने थंडच.

त्यामुळे स्टिकरवरचा आकडा बाराही महिने तोच राहतो. बदलते ती हवा, आणि म्हणून आपल्याला पुन्हा पुन्हा भरावी लागते.

मग थंडीत स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त भरून ठेवू का?

सरसकट नको. उतरलेला आकडा पुन्हा स्टिकरएवढा करायचा, बस. थंडीसाठी खास बनवलेल्या टायरना काही कंपन्या थोडी जास्त हवा सुचवतात, तसं मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तर तेवढी भरा. अंदाजाने चढवलेल्या हवेने टायर मधोमध फुगतो, रस्त्याला कमी टेकतो, आणि गार, ओल्या रस्त्यावर आपल्याला नेमकं तेच नको असतं.

पण एक प्रसंग असा आहे जिथे जास्त भरावीच लागते.

गाडी बंद, उबदार गॅरेजमध्ये असते. तिथे मोजलेला आकडा बाहेर चालतो का?

हाच तो प्रसंग. गॅरेजमध्ये २० अंश आहेत आणि बाहेर उणे ५. आत ३३ भरून बाहेर पडलात, तर टायर बाहेरच्या हवेला आले की २८.९ वर येतील. फरक २५ अंशांचा, म्हणजे चार-साडेचार पीएसआय. म्हणून आत भरताना ३७ ते ३७.५ भरायचे, म्हणजे बाहेर बरोबर ३३ मिळतात. सूत्र सोपं आहे: आतबाहेरच्या फरकात दर साडेपाच अंशांना एक पीएसआय जादा.

हा हिशेब नको असेल तर गाडी रात्रभर बाहेर ठेवा आणि सकाळी तिथेच मोजा. आम्ही हेच सुचवू.

घरच्या घरी हवा नीट कशी मोजायची?

सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, आणि ऊन टायरवर यायच्या आत. एका बाजूच्या चाकांवर ऊन पडलं तर तेवढ्यानेही एक-दोन पीएसआयचा फरक दिसतो आणि मग उगाच दुसऱ्या बाजूला पंक्चरचा संशय येतो.

व्हॉल्व्हचं टोपण काढा आणि खिशात टाका (चाकाजवळ ठेवलेलं टोपण हमखास हरवतं). व्हॉल्व्हच्या तोंडाशी माती किंवा बर्फ असेल तर पुसा. गेज सरळ धरून एकाच दमात घट्ट दाबा. सुरुवातीला ‘फुस्’ असा पुसटसा आवाज येऊन थांबला तर बसलं. आवाज चालूच राहिला तर गेज तिरकं लागलंय, तो आकडा सोडून द्या. दोनदा मोजा. दोन्ही आकडे अर्ध्या पीएसआयच्या आत आले की तो खरा धरा.

चारही आकडे कागदावर लिहा. ही पायरी लोक गाळतात, पण पुढचं सगळं निदान तिच्यावर आहे. चारही टायर सारखेच तीन-चारने उतरले असतील तर ती थंडी आणि महिन्यांची झिरप. तीन टायर ३० वर आणि एक २६ वर असेल तर त्या एकाला दुखणं आहे, नुसती हवा भरून ते जाणार नाही.

गेज कुठलंही चालेल, काट्याचं किंवा डिजिटल, पण दरवेळी तेच वापरा. डिजिटल गेज कडक थंडीत गाडीत ठेवलं तर बॅटरी मान टाकते आणि पडदा सुस्तावतो. ते घरात ठेवलेलं बरं. आणि टायरला लाथ मारून किंवा नुसतं बघून हवा कळत नाही. रेडियल टायर खालून थोडा फुगीर दिसतोच, आणि २६ व ३३ मधला फरक डोळ्याला सापडत नाही.

पंप लांब आहे, तिथे पोचेपर्यंत टायर गरम होतात. मग काय करायचं?

घरी थंड टायरचा आकडा घेऊन निघा. समजा घरी २९ होता, म्हणजे ४ कमी. पंपावर पोचल्यावर गेज ३२ दाखवेल. तिथे ३३ करू नका. दाखवतोय त्यात ४ मिळवा, म्हणजे ३६. टायर निवले की ३३ च्या आसपास येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजून कमीजास्त करा.

पंपावरच्या मशिनवर ३३ लावून हवा भरून घेतली की ती मशीन गरम टायरमध्ये ३३ करून टुणकन थांबते. सकाळी तोच टायर ३० वर असतो आणि दोष मशिनवर जातो. खरं तर मशिनने सांगितलं तेच केलं.

गाडी चालवल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं. हवा काढू का?

अजिबात नाही. धावताना टायर वाकतो, उलगडतो, तापतो. ४ ते ६ पीएसआयची वाढ ठरलेली आहे आणि स्टिकरवरचा आकडा ती धरूनच दिलेला असतो. लांब पल्ल्यानंतर ३८ दिसले म्हणून पाच काढून टाकले, तर सकाळी २८ मिळतील.

सकाळी डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागतो आणि थोडं चाललं की विझतो. दुर्लक्ष करू का?

दिवा खरं सांगतोय. रात्रीच्या गारठ्याने हवा दिव्याच्या मर्यादेखाली गेली, चालल्यावर टायर तापले आणि आकडा मर्यादेच्या वर आला, म्हणून विझला. पण स्टिकरच्या आकड्यापर्यंत तो आलेलाच नाही. अमेरिकेच्या नियमानुसार हा दिवा स्टिकरपेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की लागायला हवा. ३३ च्या गाडीत याचा अर्थ जवळपास २५. म्हणजे ३२ पासून २६ पर्यंतचा सगळा उतार दिवा न लागता होऊ शकतो. दिवा ही शेवटची घंटा आहे, गेजची जागा तो घेत नाही.

दिवे दोन पद्धतींनी चालतात. एकीत प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि तो प्रत्यक्ष दाब मोजतो. दुसरीत सेन्सर नसतोच. एबीएसकडून (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांचे वेग घेऊन, कुठलं चाक इतरांपेक्षा जास्त गरगरतंय ते ओळखलं जातं, कारण हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो. थंडीत चारही टायर एकदमच उतरतात, त्यामुळे नुसती तुलना करणारी यंत्रणा फसू शकते. अशा गाडीत गेजला पर्याय नाही. शिवाय हवा भरल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे रीसेट करावं लागतं. हवा कमी असतानाच रीसेट दाबलं, तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर मानून बसते.

दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो, मग तसाच राहतो. हवा तर बरोबर आहे.

मग दुखणं यंत्रणेचं आहे. सेन्सरमधली बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं चालते. शेवटाला आलेली बॅटरी थंडीत आधी दगा देते, म्हणून अशा तक्रारी हिवाळ्यात वाढतात. बॅटरी सहसा वेगळी बदलता येत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. टायर बदलायचे असतील तर तेव्हाच उरकून घ्या, चाक एकदाच उघडावं लागेल.

एकाच टायरची हवा पुन्हा पुन्हा उतरते, पण खिळा कुठे दिसत नाही.

साबणाचं पाणी घ्या, भांडी घासायच्या साबणाचं चालेल, जरा दाट. टायरमध्ये स्टिकरएवढी हवा भरा. आधी व्हॉल्व्हच्या तोंडात दोन थेंब सोडा, मग व्हॉल्व्हच्या बुडाशी, मग टायरच्या पूर्ण नक्षीवर, आणि शेवटी टायर रिमला जिथे टेकतो त्या कडेवर, आतून आणि बाहेरून. चिमुकले बुडबुडे यायला एखादं मिनिट लागू शकतं, घाई करू नका.

तोंडातून बुडबुडे आले तर आतली पिन सैल आहे किंवा तिचं रबर गेलंय. पिन पान्याने हलकेच घट्ट करा, नाही थांबलं तर पिन बदला. बुडाशी आले तर अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा. नक्षीत आले तर साधं पंक्चर.

रिमच्या कडेने आले तर गोष्ट थंडीशी जोडलेली असण्याची शक्यता मोठी. जुन्या अलॉय चाकांच्या कडेला पांढरट पूड धरते, अॅल्युमिनियम गंजल्याची. उकाड्यात रबर मऊ असतं, त्या खडबडीत कडेलाही चिकटून राहतं. थंडीत ते कडक होतं आणि फटीतून हवा झिरपू लागते. टायर उतरवून, रिमची कड घासून स्वच्छ करून, सीलर लावून पुन्हा बसवला की काम होतं. नुसती हवा भरत राहाल तर दर आठवड्याला भराल.

हवा भरल्यावर व्हॉल्व्हमधून सूं सूं थांबतच नाही. काय झालं?

उणे तापमानात व्हॉल्व्हमध्ये शिरलेलं पाणी गोठून पिन उघडी अडकते. कधी पाणी बाहेरून येतं, कधी कॉम्प्रेसरच्या टाकीतल्या ओलसर हवेबरोबर. पिनचं टोक गेजने दोन-तीनदा दाबून सोडा, बहुतेक वेळा बर्फाचा कण निघून जातो. नाहीतर गाडी उबेला न्या. उकळतं पाणी ओतू नका, तेच पाणी पुन्हा गोठतं.

टोपण लावलेलं असेल तर हा प्रकार सहसा घडत नाही. ते शोभेसाठी नाही, पाणी आणि माती अडवायला आहे. सेन्सर असलेल्या गाडीत व्हॉल्व्हची दांडी अनेकदा अॅल्युमिनियमची असते. तिच्यावर पितळी, चकचकीत टोपणं लावली की दोन धातू गंजून एकमेकांना धरून बसतात आणि काढताना दांडीच तुटते. साधं प्लास्टिकचं टोपण उत्तम.

नायट्रोजन भरला तर थंडीत प्रेशर उतरत नाही ना?

उतरतं, आणि तेवढंच उतरतं. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि गार झाल्यावर दोन्ही सारखेच वागतात. फायदा आहे तो एवढाच: झिरपण्याचा वेग थोडा कमी आणि आत ओलावा नाही. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये वेळेला साधी हवा भरली तर काहीही बिघडत नाही. ‘नायट्रोजन आहे’ म्हणून २७ वर गाडी चालवणं मात्र चूक.

बर्फावर किंवा निसरड्यावर पकड यावी म्हणून हवा कमी केलेली चालते का?

रस्त्यावर नाही. वाळूत किंवा खोल, भुसभुशीत बर्फात रुतलेली गाडी काढायला हवा उतरवतात, तीही अगदी सावकाश चालवताना, आणि बाहेर पडल्यावर लगेच भरतात. ती सवय डांबरी रस्त्यावर आणली की उलटं होतं. कमी हवेचा टायर मधून उचलला जातो आणि वजन दोन्ही कडांवर येतं. मधल्या खाचा मिटतात, पाणी बाहेर फेकायला वाट राहत नाही, स्टिअरिंग उशिरा ऐकतं.

तीन-चार पीएसआय कमी असले तर खरंच काय फरक पडतो?

पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, अडचण तीच आहे. चारही टायरच्या सरासरीत १ पीएसआय कमी झाला तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त जातं. हे किरकोळ वाटेल. टायरची झीज किरकोळ नसते. कडा झिजतात, आणि महिने गेले की टायर मधून धड आणि कडेने गोटा झालेला दिसतो. हवा फारच कमी असेल आणि गाडी भरून वेगात लांब गेली, तर टायरची बाजू सतत दुमडून आतून तापते. बाहेर कितीही गारठा असला तरी ही उष्णता आत साठते. टायर फुटण्याचा मोठा धोका तिथे आहे.

उंच डोंगराळ भागात जाताना काय करायचं?

इथे दोन गोष्टी एकमेकींना खोडतात. वर जाल तसं बाहेरच्या हवेचा दाब घटतो आणि गेजवरचा आकडा त्यामुळे वाढतो, सुरुवातीच्या दोन हजार मीटरपर्यंत दर हजार मीटरला दीड पीएसआयच्या जरा वर. दुसरीकडे थंडी तो खाली ओढते. २००० मीटर चढलात आणि तापमान १२-१३ अंशांनी उतरलं, तर साधारण तीन वाढले आणि दोन उतरले, म्हणजे फारसं काही झालं नाही. पण रात्री तिथे पारा गोठणबिंदूखाली गेला तर गणित बदलतं. निघताना अंदाजाने भरू नका. मुक्कामी पोचल्यावर दुसऱ्या सकाळी मोजा, आणि खाली परत आल्यावर पुन्हा.

सकाळी पहिले काही किलोमीटर चाकं ढबढब करतात. हवेमुळे?

थंडीत बराच वेळ उभ्या गाडीचा टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होऊन तसाच कडक बसतो. तापला की गोल होतो आणि आवाज थांबतो. हवा कमी असेल तर चपटेपणा वाढतो. दहा-पंधरा किलोमीटरनंतरही धक्के येत असतील तर चाक तपासून घ्या.

स्टेपनीचं काय?

ती सगळ्यांच्या विस्मरणात असते. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय लागतात, तिच्या बाजूवर तसं लिहिलेलं असतं. पूर्ण मापाची असेल तर स्टिकरवरचा सर्वांत मोठा आकडा भरून ठेवा, वापरताना कमी करता येते.

घरी छोटा कॉम्प्रेसर ठेवावा का?

थंडीच्या भागात जरूर. थंड टायर घराच्या दारातच भरता येतात, वरची सगळी बेरीज-वजाबाकी वाचते. १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा असेल तर इंजिन सुरू ठेवून वापरा, पण बंद गॅरेजमध्ये नाही, धुराने जीव जातो. असे कॉम्प्रेसर सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवायचे नसतात, मध्ये निवू द्या. त्याच्यावरचा आकडा चालू असताना फुगवून दिसतो. बंद करून, आपल्या गेजने मोजून खात्री करा. बॅटरीवरचा असेल तर तो गाडीत गारठू देऊ नका.

किती दिवसांनी तपासायचं, आणि थंडी ओसरल्यावर?

एरवी महिन्यातून एकदा. थंडीत दोन आठवड्यांनी, आणि पारा एकदम दहा अंशांनी घसरला तर दुसऱ्याच सकाळी.

ऊब परतली की तोच हिशेब उलटा चालतो. शून्याला ३३ भरलेला टायर २० अंशांना साडेछत्तीस दाखवतो. तेव्हा हवा काढायची, पण तीही सकाळी, टायर थंड असताना, आणि गेज लावून.